डाव्या कौलाचा तांत्रिक खुलासा

ती. गणपतीमामा यांस,

दीप्तीचा नमस्कार. तो वाकून, पायाला हात लावून केला आहे असं समजावं. (प्रत्यक्षात लावणार नाही, कारण ऑपरेशननंतर कुणी पायाशी वाकलं की तुम्ही गुडघा झटकन मागे घेता आणि मग रात्रभर कण्हता, असं मामीने कळवलं आहे.) तुमचा गुडघा, मामीची शुगर आणि आदर्शने नव्याने पाळलेला कुत्रा, तिन्हींची खुशाली कळवावी. आम्ही इकडे सगळे बरे आहोत. आईचा खोकला गेला. आण्णा नेहमीसारखे आहेत, म्हणजे त्यांना काही विचारलं की ते आत्तीकडे बघतात.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकून बोलता, आणि आमच्याकडे सध्या चिमणाआत्ती वाडीहून येऊन राहिली आहे. मी फोनवर नुसतं 'हं' म्हटलं तरी पलीकडे कोण आहे हे तिला समजतं. शिवाय काही गोष्टी क्रमानेच सांगाव्या लागतात आणि तुम्ही मध्ये बोलता. पत्रात तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही. (मामीला वाचून दाखवताना बोललात तर माझा इलाज नाही.)

माझं काम तुम्हाला माहीत आहे. शिरोली एमआयडीसीतल्या प्रयोगशाळेत मी मोजमापाची उपकरणं तपासते. उपकरण खरं सांगतं की खोटं, आणि खोटं सांगत असेल तर किती, एवढंच बघायचं. उन्हाळ्यात आमच्याकडे कोल्हापुरातल्या एका ट्रस्टच्या वस्तुसंग्रहालयाचं काम आलं. तिथल्या दालनांमध्ये हवेतला दमटपणा किती आहे, तो कधी वाढतो, कपाटांच्या आत किती आणि बाहेर किती, याची नोंद घेणारी यंत्रं बसवून द्यायची होती. संग्रहालय तसं नीटनेटकं आहे. नदीकाठच्या खोदाईत सापडलेली खापरं, ताम्रपट, वीरगळ, एक तीर्थंकर, पितळेचे नि लाकडाचे मुखवटे, चांदीचे टाक. येणारी माणसं मात्र ते बघायला येत नाहीत, पाया पडायला येतात. वीरगळाला कुंकू लागलेलं असतं. तीर्थंकराच्या मांडीवर चिल्लर असते. जोतीराम नावाचे तिथले कर्मचारी दर संध्याकाळी ओल्या फडक्याने सगळ्यांचं कुंकू पुसतात, आणि पुसण्याआधी प्रत्येकाच्या पाया पडतात. (का, असं मी विचारलं. ते म्हणाले, 'पुसायला परवानगी नगं व्हय?')

दगडी मूर्तींच्या दालनाच्या मधोमध आमच्या वाडीची देवी आहे. काळ्या दगडाची, कमरेइतक्या उंचीची. वाडीचं जुनं देऊळ पडलं तेव्हा ट्रस्टने ती आणली, आणि आणताना वाडीकरांनी अट घातली ती अशी की, आमचा कौल लावायचा हक्क राहिला पाहिजे. ट्रस्टने मान्य केलं. त्यामुळे दर मंगळवारी, दरवाजे उघडण्याआधी, वाडीकरांना त्या दालनात सोडतात. मूर्तीला हात लावायचा अधिकार फक्त जोतीराम यांना, तोही हातमोजे घालून, आणि पाणी फक्त शुद्ध केलेलं, बाटलीतलं. देवीच्या दोन्ही खांद्यांवर शेवंतीची एकेक पाकळी पाण्याने चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होय, डावी आधी पडली तर नाही. (उजवी म्हणजे देवीची उजवी, बघणाऱ्याच्या डाव्या हाताची. यावरून वाडीत पूर्वी डोकी फुटलेली आहेत, म्हणून आधीच स्पष्ट करते. पुढे सगळीकडे देवीचीच बाजू धरावी.) वाडीत लोकांनी नवी मूर्तीही बसवली आहे, संगमरवरी, मोठ्या डोळ्यांची. तिला नैवेद्य दाखवतात, पण विचारत काही नाहीत. आत्तीचं म्हणणं, 'ती अजून नवी हाय. तिला गावातली मानसं ठावं न्हाईत.'

आता मुख्य मुद्दा. ही देवी गेली काही वर्षं फक्त नाही म्हणते आहे. लग्नाला नाही, विहिरीला नाही, डेअरीने दुधाची नवी टाकी घ्यावी का, तर नाही. वाडीतल्या आकाराम यांच्या मुलाच्या तीन सोयरिकी डाव्या कौलावर मोडल्या. तो आता मुली बघायला जाताना दाढीही करत नाही. एकाने कौल न जुमानता म्हैस घेतली. ती भरपूर दूध देते, पण ते दूध शेजारचे घेत नाहीत. वाडीचा ठाम समज असा की, घरातून उचलून परक्या ठिकाणी नेऊन ठेवली म्हणून देवी रुसली आहे. काहींना जोतीराम यांचा संशय होता. पाकळी ते लावतात, त्यामुळे मोडलेल्या प्रत्येक सोयरिकीनंतर दोन्हीकडची माणसं त्यांनाच बोलून जात. ते मला म्हणाले, 'बाई, म्या लगीन मोडनारा मानूस हाय का? माजं सोताचं म्या निभावलंय की!'

मी माझी यंत्रं लावताना एक मंगळवार तिथे होते. पाहिलं तर पाच मिनिटांत उलगडा झाला. देवीच्या डाव्या हाताच्या भिंतीत, छातीच्या उंचीवर, एसीच्या हवेची जाळी आहे. तिची पाती अशी वळवली आहेत की थंड, कोरडी हवा थेट देवीच्या डाव्या खांद्यावर जाते. डाव्या पाकळीखालचं पाणी आधी वाळतं. पाकळी पडते. उजवीला वारा लागतच नाही. ती दुपारपर्यंतसुद्धा तिथेच बसेल. देवी रुसलेली नव्हती. ती वाऱ्याला बसली होती. एसी कधी बसवला ते मी विचारलं, आणि डावे कौल कधी सुरू झाले ते जोतीराम यांना विचारलं. उत्तर एकच आलं. मग सवयीने मी जाळीच्या चौकटीच्या आतल्या बाजूला बघितलं, कारण काम करणारे तिथे आपलं नाव लावतात. स्टिकर होता. निळा, घडी न पडलेला. गणपती रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग, सांगली. 'थंडावा म्हणजे गणपती.' (मामा, पुढे वाचा. मी कुणाला सांगितलेलं नाही.)

याच सुमारास माझ्यासाठी इचलकरंजीचं स्थळ आलं. तुम्हाला आईने फोटो पाठवला होता, आणि तुम्ही 'मुलगा उभा आहे की बसला आहे' असं विचारलं होतं. उभा होता. नाव पृथ्वीराज. घरचे माग आहेत, शेड ते स्वतः बघतात. बघण्याच्या कार्यक्रमात त्यांनी मला स्वयंपाक, गाणं किंवा पगार यांतलं काहीच विचारलं नाही. तुमच्याकडे येणारे दमटपणा मोजायचे मीटर साधारण किती चुकतात, असं विचारलं. शेडमधली हवा कोरडी झाली की सूत तुटतं, त्यामुळे त्यांना रोज तो आकडा लागतो. आम्ही त्यावर बोललो. आत्ती नंतर म्हणाली, 'ह्यास्नी दुसरं काय बोलायला सुचलंच न्हाई, मीटर मीटर करत बसल्यात.' त्यानंतर त्यांनी त्यांच्या शेडमधला एक मीटर आमच्या प्रयोगशाळेत तपासायला आणून दिला. तो बरोबर होता. थोड्या दिवसांनी तोच मीटर पुन्हा आणला. पुन्हा बरोबर. तिसऱ्यांदा त्यांनी तो आणला तेव्हा मी विचारलं, नेमकी शंका काय आहे? ते म्हणाले, शंका काही नाही, खात्री केलेली बरी. स्थळाविषयी माझं वैयक्तिक मत काहीही नव्हतं, हे मी इथे नमूद करते. आईनेही विचारलं होतं. तिलाही हेच सांगितलं.

दोन्हीकडून पसंती झाली. पण आण्णांना त्यांच्या या थोरल्या बहिणीने, आत्तीने, वाढवलं आहे, आणि आत्तीचं पान देवीला विचारल्याशिवाय हलत नाही. 'कौल उजवा आला की बैठक बसवू,' असं तिने जाहीर केलं. सरुबाईंनाही, म्हणजे पृथ्वीराज यांच्या आईला, ते पसंत पडलं. त्यांच्याकडे देवाला विचारायची पद्धत नाही, पण कुणी विचारत असेल तर ऐकायला त्या तयार होत्या. सगळे समाधानी होते. उत्तर डावंच का येणार, हे मात्र फक्त मला माहीत होतं.

मी आत्तीला समजावलं. कागदावर दालन काढलं, जाळी काढली, बाण काढून हवा दाखवली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'म्हंजे देवीला वारं घालतंय कोन तरी. बरं हाय की! उकडत आसल तिला.' मी म्हटलं, आत्ती, त्या वाऱ्यानेच डावी पाकळी पडते. त्यावर तिने विचारलं, 'आनि त्यो वारा कुनाच्या सांगन्यानं सुटतोय?' मी म्हटलं, थर्मोस्टॅटच्या. 'त्याला कोन सांगतंय?' इथे मी कागदाची घडी घातली. थर्मोस्टॅटला कोण सांगतं याचं उत्तर आहे, पण ते दिल्यावर पुढचा प्रश्न येतो, आणि त्या साखळीचं दुसरं टोक आत्तीच्या हातात होतं. आण्णा म्हणाले, 'आक्का म्हनत्या त्ये बरोबरच हाय.' त्यांनी कागदाकडे पाहिलंही नव्हतं.

माझ्यापुढे तीन मार्ग होते. जाळीची पाती उजवीकडे वळवणं ही फसवणूक झाली. आहे तसंच चालू देणं हीसुद्धा फसवणूकच, फक्त जुनी. (कुणाची, ते स्टिकरवर आहे.) उरलं ते एसी बंद ठेवणं. दोन्ही खांद्यांना सारखी हवा, सारखी संधी, मग जे येईल ते येवो. संग्रहालयाच्या अभिरक्षकांना, म्हणजे तिथल्या क्युरेटरना, मी सांगितलं की माझ्या यंत्रांची तपासणी करायला मंगळवारी सकाळी त्या दालनातली हवा काही वेळ स्थिर हवी. हे खरंच होतं. त्या तपासणीची तारीख मी ठरवू शकत होते, एवढंच. दगडाला अर्ध्या सकाळीने काही होत नाही आणि मुखवट्यांच्या कपाटांना वेगळी सोय आहे. त्यांनी होकार दिला. आदल्या रात्री मला झोप लागली नाही, पण आमच्या गल्लीत कुत्रीही फार होती.

मंगळवारी आम्ही सगळे गेलो. आत्ती इरकल नेसून, शेवंतीची फुलं ओच्यात घेऊन. इचलकरंजीहून सरुबाई आणि पृथ्वीराज आले. कौलाला थोडा वेळ होता, म्हणून अभिरक्षकांनी त्यांना सौजन्याने बाकीची दालनं दाखवली, आणि तिथेच गडबड सुरू झाली. सरुबाईंनी एकेका मूर्तीपुढे थांबून नमस्कार केला, तोवर ठीक होतं. पण हात तुटलेला विष्णू दिसला, मग शिर नसलेली कुणी देवी, मग नाक गेलेला गणपती, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. भंगलेला देव घरात ठेवत नाहीत, तो नदीत सोडतात. इथे तर खोलीभर होते, आणि त्यांना वर दिवे लावले होते. 'सायेब,' त्या अभिरक्षकांना म्हणाल्या, 'राग मानू नगा. पर ह्ये सगळं भंगल्यालं घरात ठेवलंय, म्हनून तर तुमच्याकडं गिऱ्हाईक न्हाई.' अभिरक्षक म्हणाले की हे बाराव्या शतकातलं आहे. 'मग तवाच सोडायचं की पान्यात!' आत्तीला हे बोलणं फार आवडलं. दोघी एकमेकींचा हात धरून देवीपुढे आल्या. मला त्यांची मैत्री बघून बरं वाटायला हवं होतं. मी एसी बंद आहे ना ते बघत होते.

बंद होता. जोतीराम यांनी हातमोजे घातले, पाकळ्या लावल्या. आत्तीने प्रश्न विचारला, 'आई, इचलकरंजीच्या पावन्यांकडं पोरगी द्यावी का?' आणि आम्ही वाट बघू लागलो. मामा, मी एक गोष्ट हिशोबात धरली नव्हती. श्रावणातली हवा. बाहेर सगळं ओलं, दालनात वारा नाही, दमटपणा चढता. पाणी वाळायचं कशाला? पाकळ्या पडायला तयारच नव्हत्या. दोन्ही खांद्यांवर त्या अशा बसून राहिल्या होत्या, जणू तिथेच कोरल्या आहेत. आत्तीने पुन्हा विचारलं. मग जरा मोठ्याने विचारलं. मग ती देवीशी घरातल्यासारखी बोलायला लागली. 'बोल की ग बाई! पोरगी चांगली हाय. शिकल्याली हाय. उलटं बोलत न्हाई. म्हंजे बोलतच न्हाई, पर ऐकतीया सगळं. व्हय म्हन, न्हाईतर न्हाई म्हन, मला घरला जाऊन भाकऱ्या थापायच्यात.' देवी गप्प. सरुबाई भिंतीला टेकल्या आणि म्हणाल्या, 'आमच्यात ह्येवढ्या येळात धोतार इनून हुतंय.' जोतीराम मला हळूच म्हणाले, 'पयलं निदान न्हाई तरी म्हनत हुती, बाई. आता बोलनंच सोडलं.' आण्णा आत्तीकडे बघत होते. आत्तीने आता कुणाकडे बघावं हे तिला कळत नव्हतं, म्हणून ती माझ्याकडे बघायला लागली. डोळे भरले होते तिचे. मला पहिल्यांदा कळलं की तिलाही उत्तर कुठलं हवंय ते.

बाहेर दरवाजा उघडायची वेळ होत आली, आणि वीज गेली. मी हेही हिशोबात धरलं नव्हतं. वीज गेली की जनरेटर आपोआप सुरू होतो, आणि जनरेटरवर एसी आपोआप चालू होतो, आधी तुम्ही बंद केलेला असला तरी. (ही जोडणी कुणाची, ते मी आता विचारत नाही.) जाळीतून घरघर आली. मला ती ऐकू आली, आणि मग डाव्या खांद्यावरच्या पाकळीचं टोक उचललं गेलं. थरथरलं. खाली बसलं. पुन्हा उचललं. स्विच बाहेरच्या खोलीत होता. मी सर्वांसमोर धावत जाऊन तो बंद करू शकले असते. मग आत्तीने मला जन्मभर विचारलं असतं की देवी बोलत असताना तू तिचं तोंड का बंद केलंस? मी जागच्या जागी उभी राहिले. माझे हात गार पडले होते, पण त्याला एसी कारण असू शकतो.

पृथ्वीराज यांनी पाकळीकडे पाहिलं. मग भिंतीकडे, जाळीकडे. मग माझ्याकडे, अगदी थोडा वेळ. आणि ते शांतपणे चालत देवीच्या डाव्या बाजूला गेले, जाळीकडे पाठ केली, हात जोडले, डोळे मिटले. तुम्ही फोटो पाहिलाच आहे, ते चांगले रुंद आहेत. पूर्ण जाळी झाकली गेली. पाकळी थरथरायची थांबली. आत्तीला काही ते आवडलं नाही. 'पावणं, जरा बाजूला सरा की, देवीवर सावली पडाय लागल्या!' त्यांनी डोळे न उघडता सांगितलं, 'आत्ती, नवस बोलतोय. मधनं हलता येत न्हाई.' आत्ती दोन पावलं मागे सरली. नवस बोलणाऱ्या माणसाला कोण हलवणार? त्यांच्या शर्टाच्या कडा दोन्ही बाजूंनी फडफडत होत्या. सगळे देवीकडे बघत होते. मी शर्टाकडे. आणि मग उजवी पाकळी, कुणी काही न करता, सुटली आणि देवीच्या पायाशी पडली.

जोतीराम असे ओरडले की बाहेरचा पहारेकरी काठी घेऊन आत आला. 'उजवी! उजवी दिली! आईनं उजवी दिली!' त्यांनी हातमोजे काढून कपाळाला लावले. आत्तीने सरुबाईंना मिठी मारली, सरुबाईंनी आईला, आणि आण्णांनी चुकून अभिरक्षकांना. वाडीचे जे दोघेतिघे आपल्या कौलासाठी मागे उभे होते ते एकदम पुढे सरकले, कारण देवीचा रुसवा गेला होता आणि तो पुन्हा यायच्या आत त्यांना विचारून घ्यायचं होतं. मी खाली बसले. बसायचं ठरवलं नव्हतं, पण तिथे बाक होतं आणि मी त्यावर होते. इतकं हलकं मला फक्त एकदाच वाटलं होतं, शेवटच्या वर्षाच्या निकालाला, आणि तेव्हा निदान मी अभ्यास केलेला होता.

बाहेर पडताना मी पृथ्वीराज यांना विचारलं, तुम्ही तिथे का उभे राहिलात? ते म्हणाले, 'आमच्या शेडमधी जाळीसमोरच्या मागावर सूत पयलं तुटतं. कुठं हुबं ऱ्हायलं की तुटत न्हाई, ते ठावं हाय मला.' मी म्हटलं, तुमच्या उभं राहण्याने कुठल्याच बाजूला मदत झाली नाही, फक्त चूक निघून गेली. निकाल निःपक्षपाती होता. ते म्हणाले, 'व्हय. तरी बी पाठ गारठली.' नवस कसला बोललात, असंही मी विचारलं. त्यांनी सांगितलं. ते इथे लिहायची गरज नाही.

तर मामा, बैठक पुढच्या पंधरवड्यात आहे. आईचा निरोप सोबत येईलच. मामीला माझा नमस्कार, आदर्शला आशीर्वाद नाही कारण तो माझ्याहून मोठा आहे, कुत्र्याला जे योग्य असेल ते. तुम्ही आणि मामी दोघांनीही तब्येतीला जपावं, जिना चढू नये, आणि स्टिकर लावताना पुढच्या वेळी विचार करावा.

तुमची,
दीप्ती

ता. क. वरचं लिहून झाल्यावर जोतीराम भेटले. त्यांनी सांगितलं की त्या दिवशी दालनात जाण्याआधी आत्तीने त्यांना खांबाआड घेतलं होतं आणि म्हणाली होती, 'उजवीला पानी जरा कमीच लाव, बाबा. आई रुसल्याली हाय, तिला मदत लागंल.' त्यांनी कमी लावलं. म्हणजे निःपक्षपाती हा शब्द मी मागे घेते. उजवी का पडली याची आता तीन कारणं झाली आहेत, कमी पाणी, पृथ्वीराज यांची पाठ आणि देवी स्वतः, आणि गंमत अशी की आत्तीला त्यांतलं एकही देवीविरुद्ध जातं असं वाटत नाही. मी तिला मला कळल्याचं सांगितलेलं नाही. तीही माझ्याशी फार प्रेमाने वागते आहे.

आणखी एक ता. क. पत्र लिहिण्याचं खरं कारण हे. तुम्ही आदर्शला घेऊन लवकर कोल्हापूरला यावं आणि त्या जाळीची पाती छताकडे वळवून द्यावी. चौकट गंजली आहे, मला उघडत नाही, आणि दुसऱ्या कुणाला बोलावलं तर तो स्टिकर वाचेल. कौलासाठी वाडीकरांची आता रांग लागली आहे. आकाराम यांच्या मुलाने दाढी केली आहे. पण प्रत्येक मंगळवारी कुणीतरी रुंद माणूस जाळीपुढे नवस बोलत उभा राहू शकत नाही. पुढचे सगळे कौल पुन्हा डावेच पडणार. हे तांत्रिकदृष्ट्या चुकीचं आहे आणि माणुसकीच्या दृष्टीनेही. एक मंगळवारही आता वाया जाऊ नये. यात मला ढिलाई चालणार नाही.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात सरुबाईंचा फोन आला. त्यांना देवी फार पटली आहे. येत्या मंगळवारी त्या पुन्हा येणार आहेत आणि स्वतः कौल लावून विचारणार आहेत की लग्नानंतर सुनेने नोकरी सोडावी का. उजवी पडली तर सोडायची. तेव्हा मामा, वरच्या ता. क. मधली घाई विसरावी. येत्या मंगळवारपर्यंत तुम्ही किंवा आदर्शने त्या जाळीला बोटही लावू नये. एसी मी स्वतः तपासून आले आहे, अतिशय उत्तम चालतो आहे, तुमचं काम पक्कं असतं. बुधवारी या. मी पृथ्वीराजला फोन करून विचारलं की मंगळवारी तू कुठे उभा राहणार आहेस. तो म्हणाला, 'म्या आत येतच न्हाई. भाईर चपला राखतो.'